दादाच्या छातीतलं पाणी

फुप्फुसाभोवती पाणी साचलं की डॉक्टर ते सुईनं काढतात आणि खाली माझ्याकडे पाठवतात. मी ते काचेवर पसरते, रंगवते आणि भिंगाखाली बघते. पॅथॉलॉजीत इतकी वर्षं घालवल्यावर मला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या पेशी जास्त ओळखू येतात, आणि खरं सांगायचं तर पेशी जास्त सभ्य असतात. निदान भाषणं तरी करत नाहीत.

हे पाणी होण्याची कारणं बरीच. हृदय थकलेलं असतं, टीबी असतो, न्यूमोनिया असतो, कॅन्सर असतो. आणि बऱ्याचदा सगळं तपासूनही काहीच हाती लागत नाही. अशा वेळी मी अहवालात ‘कारण अस्पष्ट’ असं लिहिते. ते लिहिताना मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती छातीविकार विभागाच्या प्रमुखांना, म्हणजे आमच्या सरांना. सर दिसायला भारदस्त. आवाज असा की सभागृहात माईक बंद पडला तरी चालावं. आणि डोकं म्हणाल, तर डोक्यावरचे केस या वयातही दाट आहेत.

तर सरांनी ठरवलं की ‘कारण अस्पष्ट’ हा शब्दच आपण रुग्णालयातून हद्दपार करायचा. त्यासाठी त्यांनी एक प्रथिन हेरलं. ते पेशींच्या आत असतं, आणि कॅन्सर असला की छातीच्या पाण्यात उतरतं, असा त्यांचा सिद्धांत. असल्या खुणेला बायोमार्कर म्हणतात. आम्ही नुसतं मार्कर म्हणतो. आकडा वर गेला तर कॅन्सरचा संशय धरायचा आणि फासळ्यांच्या फटीतून दुर्बीण घालून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढायचा. आकडा खाली असला तर माणसाला घरी पाठवायचं. ज्यांचं निदान आधीच झालेलं होतं अशांचं पाणी आम्ही तपासलं. कॅन्सरवाल्यांचे सगळे आकडे वर आणि बाकीच्यांचे सगळे खाली. मधे कोणी नाही. इतका स्वच्छ निकाल मी जन्मात पाहिला नव्हता. इतका स्वच्छ निकाल निसर्ग देत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण यावरच्या शोधनिबंधावर दुसरं नाव माझं होतं, आणि नाव छापून येणार म्हटलं की माझीही मान जरा ताठ होते.

सरांचं तर काय विचारता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! निबंध अजून कोणी वाचलेला नाही, दुसऱ्या कुठल्या रुग्णालयानं ताडून पाहिलेला नाही, आणि सर वॉर्डात खाटेखाटेशी उभे राहून आकडे वाचून दाखवायला लागले. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका माना डोलावतोय. त्यातल्या एकालाही प्रश्न पडला नाही. प्रश्न पडायला आधी डोकं रिकामं नसावं लागतं.

अशात दादाला दम लागायला लागला.

दादा माझा थोरला भाऊ. वजनमापे खात्यात निरीक्षक होता. तो निवृत्त झाला, पण खातं काही त्याच्यातून निवृत्त झालं नाही. दुकानात शिरला की आधी काटा बघतो, मग माल. वहिनी त्याच्याबरोबर बाजारात जातच नाही. जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, एक लबाड आणि दुसरी ठमी, असा त्याचा हिशोब. ठमी म्हणजे मी. मी पॅथॉलॉजिस्ट झाले तेव्हा त्यानं विचारलं होतं, “म्हणजे खरी डॉक्टर नाही ना? पेशंट तर तुझ्याकडे येत नाहीत.” हे तो अजूनही विचारतो, शक्यतो पाहुण्यांसमोर. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमच्या घराला बघूनच म्हटलं असावं.

दम लागतोय हे त्यानं आधी मानलंच नाही. “जिन्याच्या पायऱ्या मापात नाहीत,” म्हणाला. शेवटी वहिनीनं मला फोन केला आणि मी त्याला जवळजवळ ओढतच आणलं. एक्स-रेमध्ये उजवी छाती अर्ध्यापर्यंत पांढरी. सीटी स्कॅनमध्ये पाण्याच्या मागे फुप्फुसाचं आवरण एका जागी जाडसर दिसत होतं. ती जाड जागा मला अजिबात आवडली नाही. दुर्बिणीच्या सर्जनशी मी तेव्हाच बोलून ठेवलं, की पाण्यात काही सापडलं नाही तर या जागेचा तुकडा काढायचा.

छातीविकार वॉर्ड माझ्या प्रयोगशाळेच्या बरोबर वरच्या मजल्यावर आहे. पाणी काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. फिक्या चहाच्या रंगाचं होतं. दादा उशीला टेकून ओणवा बसलेला आणि तशातही बोलणं चालूच.

“किती काढलं? बाटलीवर खुणा बरोबर आहेत का बघ.”

“दादा, गप्प बस. सुई आत आहे.”

“सुई माझ्या आत आहे, तोंड माझं आहे. तुला काय त्रास?”

बाटली मी कोणाच्या हाती दिली नाही. गरम होती, ती तशीच घेऊन जिना उतरले. पेशी तळाला बसवायला पाणी यंत्रात गरगर फिरवावं लागतं. त्या यंत्रापाशी बाकीच्यांच्या नळ्यांची रांग होती. आमचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कुरकुरला. मी म्हटलं, “बाजूला हो, आपलं माणूस आहे.” आणि दादाची नळी आधी लावली. पाणी फिरवलं, वरचं स्वच्छ पाणी बर्फात ठेवलं आणि लगेच मार्करला लावलं. उरलेलं अर्धी बाटली पाणी सावकाशला दिलं आणि फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं.

आकडा आला. सगळ्या अभ्यासात कोणाचाच इतका खाली आलेला नव्हता.

माझ्या काचेवरही कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. पण पाण्यात पेशी दिसल्या नाहीत म्हणजे आवरणात नाहीत, असं नसतं. हे मी सरांना सांगायला गेले तेव्हा सर आधीच दादाच्या खाटेशी पोचलेले होते. सोबत घोळका होताच.

“तुम्हाला कॅन्सर नाही,” सर म्हणाले. आवाज थेट शेवटच्या खाटेपर्यंत गेला. “दुर्बीण वगैरे काही करायचं नाही. उद्या घरी जा, महिन्यानं दाखवा.”

वहिनी हमसून हमसून रडली. दादानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “याला म्हणतात डॉक्टर! नाहीतर तू. चार दिवस नुसती तोंड पाडून फिरतेयस.”

मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. त्या जाड जागेचा काटा मनात होता, पण आकडा इतका खाली होता आणि मला तो हवा होता. दादा दुसऱ्या दिवशी घरी गेला. जाताना लिफ्टमध्ये किती माणसं मावतात त्याची पाटी आणि आतली माणसं मोजून लिफ्टवाल्याशी भांडला.

सावकाश या माणसाबद्दल मी आजवर एकही चांगला शब्द काढलेला नाही आणि आत्ताही काढणार नाही. त्यानं बाटली फ्रीजमध्ये ठेवली नव्हती. टेबलावर, खिडकीजवळ, जिथे होती तिथेच राहू दिली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मागच्या इमारतीची ट्रॉली आली, तिच्यावरच्या नळ्यांबरोबर त्यानं ही बाटलीही न बघता यंत्रात घातली आणि मार्करला लावली. संध्याकाळी निकालांचा कागद माझ्यासमोर आला. दादाचा क्रमांक पुन्हा होता आणि आकडा आभाळाला भिडलेला होता.

“हे काय केलंस?”

“टेबलावर होती, मॅडम. मला वाटलं आजचीच.”

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकच माणूस, एकाच सुईनं काढलेलं पाणी. काल खाली आणि आज वर. मधल्या वेळात त्या बाटलीनं काय केलं? काही नाही. नुसती उभी होती. आणि उभ्या पाण्यात पेशी मरतात, फुटतात, त्यांच्या आतलं सगळं बाहेर येतं. आमचं लाडकं प्रथिनही आतलंच.

मग डोक्यात एकदम झगझगीत उजेड पडला. आमच्या अभ्यासातले कॅन्सरचे रुग्ण कुठे असतात? मागच्या इमारतीत. त्यांचं पाणी सकाळी काढतात आणि ते ट्रॉलीची वाट बघत दुपारपर्यंत तिथेच राहतं. टीबी, न्यूमोनिया आणि हृदयवाले कुठे? वरच्या मजल्यावर. त्यांची नळी जिना उतरली की लगेच माझ्याकडे. आम्ही कॅन्सर मोजतच नव्हतो. नळी किती वेळ उभी होती ते मोजत होतो! एवढ्या पदव्यांच्या माणसांना हे दिसलं नाही, कारण आमच्यापैकी एकानंही कधी नळी स्वतः उचलून आणलेली नव्हती. आणली ती फक्त मी, फक्त दादाची.

खात्री करायला मी वरच्या वॉर्डातून हृदयाच्या रुग्णांचं ताजं पाणी आणवलं. अर्धं लगेच लावलं आणि अर्धं टेबलावर ठेवून दुसऱ्या दिवशी लावलं. आदल्या दिवशी सगळे निर्दोष होते, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कॅन्सर.

सरांच्या खोलीत भिंतभर प्रमाणपत्रं आहेत. सरांच्या खुर्चीतून ती दिसत नाहीत, समोरच्याच्या खुर्चीतून दिसतात. मी त्या समोरच्या खुर्चीत बसून सगळं सांगितलं. सर पेनशी खेळत होते.

“लेबल बदललं असेल.”

“लेबल बदललेलं नाही. मी पुन्हा करून बघितलं.”

“एखादा आकडा वेडावाकडा येतोच. तो गाळायचा.”

“तो आकडा माझा भाऊ आहे, सर.”

“तेच तर म्हणतोय मी,” सर फार प्रेमळपणे म्हणाले. “घरचा माणूस आहे, तुम्ही भावनिक झाला आहात. निबंध वाचायची परिषद तोंडावर आलीय. या गोष्टी आपण नंतर शांतपणे बघू.”

“परिषदेचं तुमचं तुम्ही बघा. दादाला तरी सांगा की आकडा खोटा होता आणि दुर्बीण करायला हवी.”

सरांचा चेहरा मी असा दगडासारखा झालेला कधी पाहिला नव्हता. “मॅडम, मी अख्ख्या वॉर्डासमोर त्यांना कॅन्सर नाही म्हणून सांगितलंय.”

म्हणजे अडचण ही होती. दादाच्या छातीत काय आहे हा प्रश्नच नव्हता. सरांच्या तोंडून काय निघून गेलंय हा प्रश्न होता. मला त्या माणसाची इतकी किळस आली की उठताना मी खुर्ची जागेवर लावली नाही. माझं बंड तेवढंच. दुसऱ्या दिवशी मार्कर थांबवायचं पत्र मी वरिष्ठांकडे दिलं आणि निबंधावरून माझं नाव काढलं, पण तिथली चक्रं कशी फिरतात मला ठाऊक होतं. दादाच्या छातीतली ती जाड जागा वरिष्ठांसाठी थांबणार नव्हती. कॅन्सर असला तर आत्ता काही करता येण्यासारखं होतं, महिन्यानं कदाचित नाही. आणि त्याच्या संमतीशिवाय कोणी त्याला हात लावणार नव्हतं.

दादाकडे गेले तेव्हा तो गॅलरीत बसून पेपर वाचत होता. पाणी काढल्यामुळे श्वास मोकळा झाला होता, चेहऱ्यावर तजेला होता. त्याला बघून मला परत जावंसं वाटलं.

“दादा, तुझी दुर्बीण करून घ्यायची.”

“कशाला? तुझ्या सरांनी सांगितलंय ना.”

“सर चुकलेत.”

“वा! एवढा मोठा माणूस चुकला आणि ठमाबाई बरोबर,” दादा पेपरामागून म्हणाला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, की हिला कशाला पाठवलंस देवा.

मी प्रथिनं सांगितली, पेशी सांगितल्या, इमारती सांगितल्या. दादा जांभया देत होता. माझा पारा चढला. मी पेपर हातातून ओढून घेतला.

“ऐक. एका दुकानात एक काटा आहे. त्यावर तुझा माल काल ठेवला तर एक वजन. तोच माल, त्याच काट्यावर, आज ठेवला तर दहापट. मालाला कोणी हात लावलेला नाही. काय करशील?”

दादाची पाठ ताठ झाली. “जप्त करीन.”

“आणि दुकानदार म्हणाला की माझं दुकान फार मोठं आहे, भिंतभर प्रमाणपत्रं लावलीत, तर?”

“तर आधी जप्त करीन.” त्यानं पेपर माझ्या हातातून परत घेतला आणि त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मला पास केलं ते त्या काट्यानं?”

“हो.”

“काल वजन कमी का भरलं?”

हे सांगणं मला नको होतं. “बाकीच्यांची नळी थोडीफार तरी उभी राहते. तुझी मी स्वतः आणली आणि आधी लावली.”

“रांग मोडून?”

“तू माझा भाऊ आहेस म्हणून.”

“एवढी वर्षं नोकरी केली,” दादा म्हणाला, “कोणाकडून फुकटचं पाणी प्यायलो नाही. आणि घरचीच पोरगी ओळखीनं माझा माल आत घेते.” तो हे हसून म्हणेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. “काटा खोटा, तपासणारी ओळखीची. असला पास मला नको. तुझ्या दुर्बीणवाल्याला फोन लाव.”

वहिनी रडायला लागली. दादा तिच्यावर खेकसला, “मेलो नाहीये अजून, रडतेस काय?” आणि मग तिचा हात धरून बराच वेळ बसून राहिला. मी फोन लावायला आत गेले.

दुर्बीण नीट झाली. तुकडा माझ्याकडे आला. आपल्या माणसाची काच आपण बघू नये, असा आमच्यात न लिहिलेला नियम आहे. तो मी मोडला. रंगवून काच तयार झाली तेव्हा सरांचं डोकं दारातून आत आलं. दुर्बीण झाल्याची बातमी त्यांना लागणारच होती. आणि बातमीपाठोपाठ ते स्वतः आल्याशिवाय राहणार नव्हते.

“कळवा हं निकाल,” सर म्हणाले. “काही नसणार. मग मात्र तुम्ही ते पत्र मागे घ्यायचं.”

“बसा,” मी म्हटलं. “आत्ताच बघू.”

हा क्षण मी मनात कितीदा तरी रंगवला होता. मी काच बघणार, सरांकडे वळणार, आणि तो भारदस्त चेहरा उतरताना डोळे भरून पाहणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर सरांना ऐकवायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. एकापेक्षा एक झोंबणारी होती.

काच भिंगाखाली ठेवली. डोळा लावला.

मला शोधावं लागलं नाही. त्या पेशी आवरणात घुसून बसल्या होत्या, खाली चरबीपर्यंत उतरल्या होत्या. नवशिक्यालासुद्धा दिसल्या असत्या. मी भिंग बदललं. काच काढून तिच्यावरचा क्रमांक वाचला. क्रमांक दादाचाच होता. परत लावली. मी जिंकले होते, सर हरले होते, आणि घरी दादा जेवायचा थांबला असणार, मी निकाल घेऊन येईन म्हणून.

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही मला आठवलं नाही.

“काय दिसतंय?” सरांनी विचारलं.

मी उठले आणि त्यांना खुर्ची दिली. सर बसले, चष्मा कपाळावर सरकवला, भिंगाला डोळा लावला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या पाठीला मी गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आलेय.

“सर,” मी म्हटलं, “मी चुकतेय म्हणा.”

सरांनी भिंगाचं चाक किंचित फिरवलं.

“कॅन्सर नाही म्हणा ना. त्याच्यासमोर म्हणाला होतात तसं. मी पत्र मागे घेते. सगळं मागे घेते.”

सरांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. ते काच बोटांनी हळूहळू सरकवत राहिले, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग पुन्हा उलट. आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून, त्यांना काहीतरी वेगळं दिसावं म्हणून हात जोडले होते.